झरमॅट: डोंगराचा फोटो काढून परत येऊ नका, जरा गावात पण फिरा

अनवट_वाट

सप्टेंबरात आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा चार दिवस स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला राहून आलो आणि तेव्हापासून मैत्रिणीने लिही लिही करून डोकं खाल्लंय, म्हणून हा धागा. आधीच सांगते, हे काही परिपूर्ण प्रवासवर्णन नाही, आठवेल तसं लिहितेय.

सहा वर्षांपूर्वी मी एका टूरबरोबर इथे आले होते. कंपनीचं नाव सांगत नाही, पण एकूण वेळ मिळाला दोन तास, त्यातला पाऊण तास डब्यातली पावभाजी खाण्यात गेला आणि मॅटरहॉर्न पूर्ण वेळ ढगात. चॉकलेटच्या खोक्यावर दिसतो तो डोंगर चॉकलेटच्या खोक्यावरच बघितला आणि परत आलो. ती खुन्नस डोक्यात होतीच, त्यामुळे यावेळी ठरवलं होतं की राहायचंच.

तर गावात पेट्रोल-डिझेलची गाडी चालत नाही. आपली गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश नावाच्या गावात मोठ्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि तिथून बारा मिनिटांची शटल ट्रेन. वर स्टेशनाबाहेर आलात की डब्यासारख्या चौकोनी इलेक्ट्रिक गाड्या आवाज न करता मागून येतात, आणि आवाजच नाही म्हणून दोनदा मीच चेंगरता चेंगरता वाचले. बाबांनी पाच मिनिटं इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "हे म्हणजे माथेरानच की गं, टेश म्हणजे आपला दस्तुरी नाका." झालं, पुढचे चारही दिवस प्रत्येक गोष्टीला माथेरान.

मुख्य रस्ता बानहोफश्ट्रासे, म्हणजे स्टेशन रोडच. घड्याळं, घड्याळं, जॅकेटं, परत घड्याळं. तो पटकन ओलांडा आणि हिंटरडॉर्फमध्ये शिरा, म्हणजे मागलं गाव, मागची आळी म्हणा. तिथे सोळाव्या ते अठराव्या शतकातली लाकडी कोठारं अजून उभी आहेत, उन्हाने करपून काळी पडलेली. लाकूड लार्चचं, म्हणजे तिथल्या एका सूचिपर्णी झाडाचं. ही कोठारं खुंटासारख्या पायांवर उचललेली असतात आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर एक गोल सपाट दगड, आपल्या जात्याच्या तळीएवढा, आणि त्यावर मग कोठाराची तुळई. का? तर उंदीर खुंट चढून येतो, दगडापाशी त्याला उलटं लटकत बाहेर जावं लागतं आणि तो पडतो. एवढंच. ना विष, ना मांजर. मी एका दगडाच्या खालच्या बाजूने हात फिरवून बघितला, चांगला गुळगुळीत होता, नखाला सुद्धा पकड मिळत नव्हती. आई म्हणाली, आमच्या आजोळी कणगीला शेण सारवायचे आणि तरी उंदीर व्हायचेच, हे कुणाला सुचलं नाही.

आत काय ठेवायचे तर राय. राय म्हणजे बाजरीचा थंडीतला चुलतभाऊ समजा, गव्हाला न झेपणाऱ्या जमिनीत येतो. गावाच्या वर फिंडेल्न नावाची वाडी आहे, २१०० मीटरच्या आसपास, तिथेसुद्धा उतारावर छोटे छोटे तुकडे करून हे पीक घ्यायचे. गावची सामायिक भट्टी वर्षातून मोजक्या वेळाच पेटायची, सगळी घरं पाळीपाळीने भाकऱ्या भाजायची (ब्रेडच हो, पण त्याला ब्रेड म्हणणं जिवावर येतं) आणि त्या महिनोन् महिने टांगून ठेवायच्या. शेवटी इतक्या कडक व्हायच्या की कापायला एका टोकाला बिजागरी असलेला सुरा लागायचा, आपल्या अडकित्त्यासारखा. तो गावातल्या म्युझियममध्ये बघायला मिळतो.

हे सगळं सांगायचं कारण, की आज जिथे एका कॉफीचा भाव बघून बाबा मनात गुणाकार करत बसायचे ते गाव दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीपर्यंत शेळ्या, राय आणि चीज एवढ्यावर जगत होतं. नावसुद्धा साधं, माट म्हणजे कुरण, झरमॅट म्हणजे कुरणापाशी. आणि मॅटरहॉर्न म्हणजे कुरणावरचं शिंग. जगप्रसिद्ध डोंगर, पण त्याला नाव गवताचं.

बघायच्या जागा पटापट सांगते. गोर्नरग्राट, ३०८९ मीटर, दातेरी रुळावरची गाडी थेट वर जाते, १८९८ पासून आणि पहिल्या दिवसापासून विजेवर. वरून गोर्नर हिमनदी आणि ड्यूफूरश्पिट्झं, ४६३४ मीटर, म्हणजे स्वित्झर्लंडचं सगळ्यात उंच शिखर, आणि मॅटरहॉर्नहून (४४७८) उंच असूनही बिचाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. उतरताना रोटेनबोडेनला उतरा, पाच-सात मिनिटं चाललात की रिफेलझे तळं, त्यात मॅटरहॉर्न उलटा दिसतो. वारा सुटायच्या आत जायचं, नाहीतर नुसतं हलतं पाणी. दुसरं म्हणजे पाच तळ्यांचा ट्रेक, ब्लाउहेर्डपासून सुनेग्गापर्यंत, साधारण नऊ किलोमीटर, आई गुडघ्याला पट्टा लावून पूर्ण चालली. क्लाइन मॅटरहॉर्न मात्र ३८८३ मीटर आहे आणि केबल कार एवढ्या पटकन वर नेते की आईचं डोकं धरलं, पंधरा मिनिटांत खाली आणावं लागलं. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर मध्ये कुठेतरी उतरून थांबत थांबत जा.

मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईत तुटलेली दोरी म्युझियममध्ये आहे, ती बघितली का असं कुणीतरी विचारणारच, तर हो, बघितली. त्यावर दोरखंड साहेब जास्त चांगलं लिहितील, ते आले की बोलू.

---

चहाबिस्किट

मस्त लिहिलंयस! उंदराचा दगड वाचून मजा आली. फोटो दिसत नाहीयेत मला, फक्त मलाच का?

---

खवचट_खारुताई

फोटो टाकलेलेच नाहीत हो, धाग्याचं नाव परत वाचा :)

---

माथेरानकर

बाबांना माझा नमस्कार कळवा, बरोबर ओळखलं त्यांनी. पण जिवाला लागलं जरा. आमची मिनी ट्रेन १९०७ ची, त्यांची फिस्पहून येणारी गाडी १८९१ ची, म्हणजे फार मागेपुढे नाही. १८५० मध्ये मॅलेट साहेब माथेरान चढून आला आणि साधारण त्याच सुमारास तिकडेही इंग्रज चढायला लागले. सुरुवात सारखीच. पुढे काय झालं तुम्ही बघताच आहात, तिकडे विजेच्या गाड्या आणि इकडे माणसं हातरिक्षा ओढत होती, ई-रिक्षा आली तीसुद्धा सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन. आता लगेच कुणी येऊन "आपली मानसिकता" वगैरे सुरू करू नका, त्याने काही होत नाही. मला एवढंच विचारायचंय की तिथे जमीन आणि हॉटेलं कुणाच्या ताब्यात आहेत? बाहेरच्या की गावच्या? कारण खरी मेख तिथे असते.

---

अनवट_वाट

@माथेरानकर, नेमका प्रश्न. याचं उत्तर धाग्यात लिहायचं राहिलं आणि मला तर ही गोष्ट डोंगरापेक्षा जास्त आवडली.

तिथे दोन ग्रामपंचायती आहेत असं समजा. एक नेहमीची, तिथे राहणाऱ्या सगळ्यांची. दुसरी बुर्गरगेमाइंडे, म्हणजे फक्त जुन्या घराण्यांची, आपल्याकडच्या मूळ वतनदारांसारखी. जंगल, कुरणं, डोंगरउतार यातलं बरंच काही या दुसरीच्या मालकीचं. बीनर, पेरेन, यूलेन, आउफडेनब्लाटेन, टाऊगवाल्डर अशी मोजकी आडनावं, गावात पाट्या वाचत फिरलात तर तीच तीच दिसतात, बेकरीवर पण तेच आणि हॉटेलवर पण तेच. १८७९ मध्ये या लोकांनी गावचं म्हणून स्वतःचं मोठं हॉटेल उभं केलं, झरमॅटरहोफ, घराघरातून माणसं कामाला येत होती, श्रमदानच. ते आजही त्यांचंच आहे.

आता गंमत. ज्या माणसाने या गावाला हॉटेलधंदा शिकवला तो गावचा नव्हताच. अलेक्झांडर झाइलर, वरच्या खोऱ्यातला, साबण आणि मेणबत्त्या करणारा. त्याचा भाऊ झरमॅटला पाद्री होता, त्याने बोलावून घेतलं. १८५० च्या दशकात त्याने गावातल्या डॉक्टरची दोन-चार खोल्यांची खानावळ चालवायला घेतली, नाव ठेवलं मोंते रोझा आणि इंग्रज गिर्यारोहकांचा तो अड्डा झाला. मग एकामागून एक हॉटेलं. साहजिक त्याने बुर्गरपद मागितलं. गावाने सांगितलं नाही. १८७१ पासून हे भांडण चाललं, कँटनने (म्हणजे तिथल्या राज्याने) सांगून झालं, वरची कोर्टं झाली, १८८९ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला की द्यावंच लागेल. आणि १८९१ मध्ये, ज्या वर्षी रेल्वे गावात आली, त्याच वर्षी झाइलर गेला.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, गावच्यांनी जमीन सोडलीच नाही. चांगलं की वाईट ते मला ठरवता येत नाही. झाइलरच्या जागी मी असते तर चिडले असते, गावच्या जागी असते तर मीही बहुतेक नाहीच म्हटलं असतं.

---

दोरखंड

आलो. माझी आठवण काढली होती म्हणे.

१४ जुलै १८६५. मॅटरहॉर्नवर पहिल्यांदाच माणसं पोचली, सात जण. एडवर्ड व्हिम्पर, वय २५, धंद्याने लाकडी ठशांवर चित्रं कोरणारा, आधी अनेकदा इटलीच्या बाजूने प्रयत्न करून हात हलवत परतलेला. फ्रान्समधल्या शामोनीचा गाईड मिशेल क्रो. रेव्हरंड हडसन. लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, वय १८. हॅडो, वय १९, अनुभव जेमतेम. आणि झरमॅटचे टाऊगवाल्डर बापलेक, दोघांचंही नाव पेटर. झान-अंतोआन कारेल त्याच वेळी इटलीकडून चढत होता, तो खाली दिसल्यावर या लोकांनी वरून आरडाओरडा केला, दगड ढकलले, म्हणजे बघा आम्ही आधी आलो. तो बिचारा मागे फिरला आणि तीन दिवसांनी परत येऊन चढला.

उतरताना सगळे एका दोरावर. क्रो सगळ्यात पुढे, मग हॅडो, हडसन, डग्लस, थोरला टाऊगवाल्डर, व्हिम्पर, धाकटा टाऊगवाल्डर. क्रो कुऱ्हाड बाजूला ठेवून हॅडोचे पाय हाताने खाचेत बसवत होता. ज्यांनी नवख्याला घेऊन कातळ उतरवलाय त्यांना माहितीये हे काय असतं, त्या क्षणी तुमचे स्वतःचे हात कशालाच धरलेले नसतात. हॅडो घसरला तो क्रोच्या अंगावर, दोघं गेले, झटक्याने हडसन, मग डग्लस. टाऊगवाल्डरने कातळ कवटाळला आणि त्याच्या आणि डग्लसच्या मधे दोर तुटला. चौघं उत्तर कड्यावरून खाली. डग्लसचं शव आजतागायत सापडलेलं नाही.

म्युझियममध्ये आहे तो हाच तुकडा. आता मुद्दा असा की त्यांच्याकडे चांगले दोर होते, तरी त्या जागी सगळ्यात कमकुवत दोर बांधला गेला होता, जो खरं तर जादा म्हणून आणला होता. मग कुजबुज सुरू झाली की थोरल्या टाऊगवाल्डरने मुद्दाम तो दोर बांधला, काहींनी तर कापला म्हटलं. चौकशी झाली, त्यात तो सुटला, पण माणसाच्या मागचं बोलणं सुटत नाही.

आमच्या लिंगाण्याच्या मोहिमेला मी दरवेळी ही गोष्ट पोरांना सांगतो आणि दरवेळी कुणीतरी विचारतं, सर मग कापला का? नाही कापला रे बाबा. कापलेल्या दोराची टोकं वेगळी दिसतात.

---

चहाबिस्किट

बाप रे. पुढे लोकांनी चढणं बंद केलं असेल ना?

---

दोरखंड

उलट. या अपघातानेच झरमॅट जगाला कळलं. आधी डोंगर बघायला यायचे, मग "तो" डोंगर बघायला यायला लागले. १८७१ मध्ये लूसी वॉकर चढली, पहिली बाई, आणि लांब झग्यात. आजवर पाचशेहून जास्त माणसं त्या एका डोंगरावर दगावलीत. चर्चजवळच्या दफनभूमीत फिरा, थडग्यांवरची वयं वाचत जा, विशी-पंचविशीची पोरं सगळी.

दुसऱ्या बाजूला उलरिख इंडरबीनेन बघा. इथलाच गाईड, जन्म १९००, मॅटरहॉर्न ३७० हून जास्त वेळा चढला, शेवटचा नव्वदाव्या वर्षी, आणि २००४ मध्ये अंथरुणात गेला.

---

कातळशिल्प_प्रेमी

भूगोल शिकवायचो, आता रिटायर झालोय, त्यामुळे चार ओळी चालवून घ्या.

गाईड लोक हमखास सांगतात की मॅटरहॉर्नचं टोक आफ्रिकेचं आहे. ऐकायला थाप वाटते पण अगदीच थाप नाही. आफ्रिकेच्या बाजूने उत्तरेला सरकणारा भूपट्ट (नेमकं म्हणायचं तर त्याचा पुढे आलेला एड्रियाटिक भाग) युरोपावर चढला, मधला समुद्र दोघांत चेपला गेला. डोंगराचा वरचा भाग त्या दक्षिणेकडून आलेल्या खडकाचा, आणि पायथ्याजवळ सापडतो तो जुन्या समुद्राचा तळ. गावाजवळ गोर्नरची घळ आहे, लाकडी फळ्यांवरून आत जाता येतं, तिथले हिरवट चकचकीत खडक, सर्पेंटिनाइट, हे त्या समुद्रतळाचेच. म्हणजे समुद्राच्या तळावर उभं राहून आफ्रिका बघायची. तिकीट स्विस फ्रँकमध्ये.

आणखी एक. गावाच्या वर फुरी नावाची वाडी आहे, तिच्या वर हिमनदीने कोरलेले रांजणखळगे आहेत. आपल्या निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसेच, फक्त तिथे नदीने केलेत आणि इथे हिमनदीखाली दाबाने वाहणाऱ्या पाण्याने. दगडगोटे भोवऱ्यात गरागरा फिरतात आणि खालचा खडक खरवडत जातात, तत्त्व तेच. निघोजचे जास्त देखणे आहेत हे माझं वैयक्तिक मत आणि मी ते बदलणार नाही.

आणि शिखराच्या एकाच बाजूला झेंड्यासारखा ढग दिसला तर तो "डोंगर धूर सोडतोय" असं नातवंडांना सांगू नका. वारा एका बाजूने आदळतो, आडोशाच्या बाजूला दाब कमी होतो, तिथे खालची दमट हवा वर चढते आणि थंड होऊन ढग धरते.

---

खवचट_खारुताई

नातवंडांना धूरच सांगणार. बाकी सर, प्रतिसाद आवडला, खरंच.

---

सोनचाफा

झेंड्यावरून आठवलं, एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन असताना मॅटरहॉर्नवर रोज रात्री प्रकाशाने चित्रं टाकायचे, एका रात्री आपला तिरंगा टाकला होता. ते गावच क्वारंटाइनमध्ये, हॉटेलं बंद. आम्ही सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर बघितला, आधी सगळ्यांना फेक वाटला, नेहमीप्रमाणे, आणि एकदाच खरा निघाला.

प्रश्न: शाकाहारी लोकांचं काय? सासूबाई कांदा-लसूण पण खात नाहीत.

---

अनवट_वाट

@सोनचाफा, रॉश्टी मिळते, म्हणजे बटाट्याचा कीस परतून केलेलं थालीपीठ म्हणा, पण विचारून घ्या, बऱ्याचदा त्यात बेकन असतं. राक्लेट म्हणजे वितळलेलं चीज उकडलेल्या बटाट्यावर, या वालिस भागाचीच खासियत, ते नक्की खा. फोंड्यूत मात्र व्हाइट वाईन घालतात, आमच्या शेजारच्या टेबलावरच्या काकू भांडं संपवल्यावर विचारत होत्या की यात आंबट काय लागतंय, मी तोंड बंद ठेवलं. चीजला विरजण बहुतेक ठिकाणी वासराच्या पोटातलं असतं, कडक पाळत असाल तर तेही बघा. सासूबाईंसाठी खोलीत छोटा कुकर हाच उपाय.

तिकिटाचं पण सांगते, हाफ फेअर कार्ड काढा, गोर्नरग्राटला अर्धं तिकीट लागतं.

---

रिटायर्ड_पोस्टमन

चांगलं चाललंय पण सगळं गुलाबी नको. ते गाव दरीच्या टोकाला आहे, एकच रेल्वे, एकच वाट. १९९१ मध्ये खालच्या रांडा गावाजवळ अख्खा डोंगर दोन टप्प्यांत कोसळला, रूळ गाडले, नदी तुंबली. जानेवारी २०१८ ला एवढा बर्फ पडला की तेरा हजार पर्यटक वर अडकले, त्यातल्या काही जणांना हेलिकॉप्टरने खाली आणायला लागलं. १९६३ ला तर ऐन मोसमात टायफॉइडची साथ, पिण्याच्या पाण्यात घाण गेली होती, चारशेहून जास्त लोक आजारी, तीन गेले. स्विस म्हणजे सगळं चकाचक असं आपण समजतो ना.

आणि बर्फ. २००३ च्या उन्हाळ्यात एवढं गरम झालं की मॅटरहॉर्नच्या भेगांत दगड धरून ठेवणारा बर्फच वितळला, दरड कोसळली आणि डोंगरावरच्या नव्वदएक जणांना हेलिकॉप्टरने उचलायला लागलं. वरची इटलीची हद्द हिमनदीच्या पाणलोटावर आखलेली, आता हिमनदीच आक्रसली म्हणून दोन देशांना बसून हद्द सरकवायला लागली. सातबारा सुद्धा वितळतो म्हणजे.

---

माथेरानकर

"सातबारा वितळतो" हे बेस्ट होतं पोस्टमन काका.

---

कातळशिल्प_प्रेमी

हिमनदी वितळल्याने काय काय वर येतं तेही बघण्यासारखं आहे. झरमॅटहून इटलीत उतरणाऱ्या टेओडूल खिंडीत (३२९५ मी.) १९८० च्या दशकात बर्फातून एका माणसाची हाडं, तलवार, पिस्तुलं, नाणी निघाली. साधारण १६०० सालचा माणूस. आधी भाडोत्री शिपाई म्हणाले, आता बहुतेक कुणी पैसेवाला प्रवासी असावा म्हणतात. त्या खिंडीत रोमन नाणीसुद्धा सापडलीत. म्हणजे इंग्रजांनी झरमॅट शोधलं वगैरे म्हणायला हरकत नाही, पण लोक तिथून दोन हजार वर्षं ये-जा करत होते, फक्त वर कुणी बघत नव्हतं. मान वर करून शिखर चढायचं हा भरल्या पोटाचा उद्योग.

---

दोरखंड

सर, शेवटच्या वाक्यावर आपण वेगळा धागा काढू आणि तिथे भांडू.

---

तुळशीवृंदावन

मी जुलैत मुलांना घेऊन गेले होते, आमच्या पोरांना ना दोरी आठवते ना आफ्रिका, त्यांना फक्त शेळ्या आठवतात. उन्हाळ्यात रोज सकाळी शेळ्यांचा कळप स्टेशन रोडवरून चरायला नेतात आणि संध्याकाळी परत आणतात, पुढचं अर्धं अंग काळं आणि मागचं पांढरं, जसं कुणी शाईत अर्धं बुडवलंय. त्या महागड्या घड्याळांच्या दुकानांसमोरून घंटा वाजवत जातात आणि लेंड्या टाकत. माझ्या धाकट्याच्या हातातला बिस्किटाचा पुडा एकीने कागदासकट ओढून नेला, तो रडतोय आणि आजूबाजूचे सगळे फोटो काढतायत.

---

अनवट_वाट

अगं हेच आमचं हुकलं! सप्टेंबरात बंद होतं. बाबा पुढच्या वर्षी परत येऊ म्हणतायत, नुसत्या शेळ्यांसाठी. किती वाजता असतं नक्की?

---

तुळशीवृंदावन

सकाळी नऊच्या सुमारास आणि संध्याकाळी पाचच्या. तारखा जायच्या आधी बघून घे, साधारण जुलै-ऑगस्टच असतं. आणि बिस्किटं खिशात ठेव.